गडचिरोलीतील नवजात श्वासावरोध व श्वसनसाहाय्याच्या पद्धती

जन्मानंतर बाळाला आपणहून श्वास सुरू करता न येणे, अथवा सुरू झालेला श्वास टिकवता न येणे, या अवस्थेस नवजात श्वासावरोध असे म्हणतात. जगभरातील नवजात बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश मृत्यू या कारणाने होतात. अशा बाळाच्या फुप्फुसांत बाहेरून हवा भरणे हा त्यावरील मुख्य उपचार होय. ही हवा तोंडाने फुंकून, नळी जोडलेल्या मास्कमधून फुंकून, किंवा हाताने दाबायच्या बॅगेच्या साहाय्याने देता येते.

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ ते २००३ या काळात घरी झालेल्या बाळंतपणांत या तिन्ही पद्धती क्रमाक्रमाने वापरल्या गेल्या व त्यांच्या परिणामांची तुलना करण्यात आली. ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयापासून दूर असलेल्या घरात, डॉक्टर उपस्थित नसताना, गावातीलच प्रशिक्षित स्त्री बाळाचा श्वास सुरू करू शकते, हे या अभ्यासातून दिसून आले.

श्वासावरोधाचे स्वरूप

गर्भाशयात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू वारेतून व नाळेतून मिळतो आणि त्याची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही श्वासांबरोबर हा द्रव शोषला जातो, वायुकोश हवेने फुलतात आणि फुप्फुसांतील रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. बहुसंख्य बालकांत हा बदल पहिल्या रडण्याबरोबर आपोआप घडतो. सुमारे दहा टक्के बालकांना मात्र श्वास सुरू करण्यासाठी काही ना काही मदत लागते.

प्रसूती लांबणे, नाळ दाबली जाणे, वार वेळेआधी सुटणे, बाळ पायाळू असणे किंवा दिवस भरण्याआधी जन्मणे या कारणांनी बाळास प्राणवायू कमी पडतो. प्रारंभी बाळाचा श्वास थांबतो, पण हृदयाचे ठोके चालू राहतात. या टप्प्यावर बाळास कोरडे करणे, पाठ चोळणे किंवा तळपायावर टिचकी मारणे एवढ्यानेही श्वास सुरू होऊ शकतो. प्राणवायूची कमतरता आणखी लांबली तर दुसरा टप्पा येतो. हृदयाची गती मंदावते आणि कितीही चोळले तरी बाळ श्वास घेत नाही. अशा वेळी फुप्फुसांत दाबाने हवा भरणे हाच उपाय उरतो. बाळ कोणत्या टप्प्यावर आहे, हे केवळ पाहून ओळखता येत नाही. त्यामुळे चोळूनही श्वास सुरू न झाल्यास जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटातच हवा देण्यास सुरुवात करावी, असे प्रशिक्षणात शिकवले जाते.

बाळाला उलटे धरून चापट मारणे किंवा त्याच्या अंगावर थंड पाणी शिंपडणे हे जुने उपाय आता निषिद्ध मानले जातात. भारताच्या अनेक भागांत नाळ न कापता वार गरम करण्याची प्रथा होती. वारेतला जीव बाळात उतरतो, अशी त्यामागे समजूत असे. या उपायांत जाणारा वेळ बाळाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो.

प्रादेशिक पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. जिल्ह्याचा बहुतांश भूभाग वनाच्छादित आहे. पश्चिमेकडे वैनगंगा नदी चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांची सीमा बनते. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा हे प्राचीन शिवमंदिरांसाठी प्रसिद्ध असलेले तीर्थक्षेत्र याच नदीच्या काठी आहे. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि महाशिवरात्रीस मोठी जत्रा भरते. मार्कंडासारख्या नदीकाठच्या गावांपासून एटापल्ली व भामरागड तालुक्यांतील टोल्यांपर्यंत जिल्ह्याची वस्ती विखुरलेली आहे. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की अनेक गावांचा संपर्क तुटतो. भामरागडजवळील पर्लकोटा नदीचा पूर हे याचे नेहमीचे उदाहरण होय.

अशा प्रदेशात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि ती गावातील दाई, म्हणजे सुईण, करीत असे. श्वास न घेणाऱ्या बाळाच्या मेंदूस काही मिनिटांतच इजा होऊ लागते. गाडी मिळवून तालुक्याच्या ठिकाणी पोहोचण्यास मात्र कित्येक तास लागत. म्हणून हा उपचार बाळ जन्मते त्या जागीच उपलब्ध असणे आवश्यक होते.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. बालकांमधील न्यूमोनियावरील उपचार गावपातळीवर देण्याचा प्रयोग संस्थेने प्रारंभीच हाती घेतला. श्वासांची गती मोजून न्यूमोनिया ओळखणे व कोट्रायमोक्झॅझोल हे औषध देणे हे काम गावातील आरोग्यसेवकांना व दायांना शिकवण्यात आले. मोजता न येणाऱ्या दायांसाठी वाळूचे घड्याळ व मणी यांचे एक साधे श्वासमापक तयार करण्यात आले होते. या प्रयोगात उपचार झालेल्या बालकांपैकी ०.८ टक्के दगावली, तर तुलनेसाठी निवडलेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या बालकांपैकी १३.५ टक्के दगावली. हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात बालकांसाठीचा पुढील प्रयोग याच अनुभवावर उभा राहिला.

प्रयोगाची रचना

घरोघरी नवजात बालसेवा या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग ३९ गावांत राबवण्यात आला आणि ४७ गावे तुलनेसाठी घेण्यात आली. प्रत्येक गावातून पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रीची आरोग्यसेविका म्हणून निवड झाली. या सेविकांना ‘आरोग्यदूत’ असेही म्हटले जाते. बाळंतपणाच्या वेळी घरी उपस्थित राहणे, बाळाचे वजन व तापमान घेणे, ठरलेल्या दिवशी गृहभेटी देणे, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने औषध देणे आणि श्वासावरोधात श्वसनसाहाय्य करणे, ही त्यांची कामे होती. दाईला दूर सारण्यात आले नाही. आई व बाळंतपण दाईकडे आणि बाळ आरोग्यसेविकेकडे, अशी कामाची विभागणी होती.

श्वासावरोधाची व्याख्या गावात वापरता येईल इतकी सोपी ठेवण्यात आली होती. जन्मानंतर एका मिनिटाने बाळ रडत नसेल किंवा त्याचा श्वास बंद, मंद, क्षीण अथवा आचके दिल्यासारखा असेल, तर तो सौम्य श्वासावरोध मानला जाई. पाच मिनिटांनंतरही श्वासाची स्थिती अशीच राहिली, तर तो गंभीर श्वासावरोध ठरे. रुग्णालयांत वापरला जाणारा अपगार गुणांक येथे आवश्यक नव्हता. घड्याळ पाहणे व बाळाचे निरीक्षण करणे पुरेसे होते.

श्वसनसाहाय्याच्या तीन पद्धती

*तोंडाने श्वास देणे.* १९९३ ते १९९५ या काळात प्रशिक्षित दाया ही पद्धत वापरत. बाळाचे नाक व तोंड एकाच वेळी आपल्या तोंडाने झाकून हलकी फुंकर दिली जाते. यास कोणतेही साधन लागत नाही. मात्र फुंकरीचा दाब नियंत्रित राहत नाही, जोराची फुंकर नाजूक फुप्फुसास इजा करू शकते आणि बाळ व दाई या दोघांनाही संसर्गाची भीती असते. रक्त व स्राव लागलेल्या बाळाला तोंड लावण्यास अनेकांचे मन कचरते, हीदेखील व्यवहारातील अडचण होय.

*नळी-मास्क.* १९९६ ते १९९९ या काळात आरोग्यसेविका ही पद्धत वापरत. बाळाच्या नाकातोंडावर बसणाऱ्या लहान मास्कला नळी जोडलेली असते व सेविका नळीच्या दुसऱ्या टोकातून फुंकते. तोंडाचा थेट स्पर्श टळतो आणि बाळाची छाती वर येते की नाही, हे फुंकताना पाहता येते. हवा मात्र उच्छ्वासाचीच असते. वातावरणातील हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते, तर उच्छ्वासाच्या हवेत ते १६ ते १७ टक्के असते.

*बॅग-मास्क.* १९९९ ते २००३ या काळात आरोग्यसेविकांना आपोआप फुगणारी बॅग देण्यात आली. रुग्णालयात ‘अंबू बॅग’ या नावाने परिचित असलेले हे साधन होल्गर हेसे व हेनिंग रुबेन यांनी १९५६ मध्ये डेन्मार्कमध्ये तयार केले. बॅग दाबली की हवा मास्कमधून बाळाच्या फुप्फुसांत जाते आणि सोडली की ती पुन्हा आपोआप भरते. नवजात बालकांच्या बॅगेस जादा दाब बाहेर सोडणारी झडप असते. मिनिटाला ४० ते ६० वेळा बॅग दाबावी लागते. सेविकेचा स्वतःचा श्वास यात खर्ची पडत नाही आणि बाळास साध्या हवेतील पूर्ण प्राणवायू मिळतो.

पूर्ण दिवसांच्या बालकांसाठी साध्या हवेने सुरुवात करणे योग्य होय, हे पुढे इतर देशांतील अभ्यासांतून स्पष्ट झाले आणि २०१० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याचा समावेश झाला. त्यामुळे प्राणवायूचे सिलिंडर नसलेल्या घरातही बॅग-मास्कचा उपयोग अपुरा ठरत नाही.

तिन्ही पद्धतींत पूर्वतयारी समान असते. बाळास कोरडे करून उबदार कपड्यात ठेवणे, मान किंचित मागे झुकवून श्वासमार्ग सरळ ठेवणे आणि मास्क घट्ट बसवणे या गोष्टी चुकल्या तर कोणत्याही साधनाने हवा फुप्फुसांत पोहोचत नाही. छाती वर येणे हीच हवा पोहोचल्याची खूण होय.

निष्कर्ष

१९९५-९६ हे वर्ष निरीक्षणाचे होते. या वर्षी आरोग्यसेविका बाळंतपणास हजर राहून केवळ नोंदी करीत. त्यापुढील १९९६ ते २००३ या काळात अभ्यासाच्या गावांत घरी ५,०३३ बाळंतपणे झाली आणि त्यांपैकी ८४ टक्के वेळी आरोग्यसेविका उपस्थित होती.

| काळ | श्वसनसाहाय्य करणारी व्यक्ती | पद्धत | आढळलेला परिणाम |
|---|---|---|---|
| १९९३–९५ | प्रशिक्षित दाई | तोंडाने | श्वासावरोधजन्य मृत्युदरात १२ टक्के घट |
| १९९६–९९ | दाई व आरोग्यसेविका | नळी-मास्क | बाधित बालकांतील मृत्युप्रमाणात २७ टक्के व श्वासावरोधजन्य मृत्युदरात ६७ टक्के अधिक घट |
| १९९९–२००३ | दाई व आरोग्यसेविका | बॅग-मास्क | नळी-मास्कच्या तुलनेत मृत्युप्रमाणात आणखी ३९ टक्के व ताज्या मृतजन्मांत ३३ टक्के घट |

सौम्य श्वासावरोधाचे प्रमाण निरीक्षणाच्या वर्षी १४ टक्के होते, ते पुढील वर्षांत ६ टक्क्यांवर आले. गंभीर श्वासावरोधाच्या प्रमाणात लक्षणीय बदल झाला नाही. परंतु गंभीर श्वासावरोध झालेल्या बालकांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरले आणि श्वासावरोधामुळे होणारा मृत्युदर ६५ टक्क्यांनी घटला. एक मृत्यू टाळण्यामागे बॅग व मास्कचा खर्च सुमारे १३ अमेरिकी डॉलर इतका होता.

संपूर्ण प्रयोगाचा विचार करता, या गावांतील नवजात मृत्युदर १९९३-९५ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता, तो १९९७-९८ पर्यंत २५.५ झाला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या घटीत जंतुसंसर्गावरील उपचार, ऊब व स्तनपान यांचाही वाटा होता. श्वसनसाहाय्य हा त्यातील एक भाग होय.

मृतजन्म व श्वासावरोध

जन्मतः हालचाल न करणारे बाळ मेलेले आहे, असे समजून बाजूला ठेवले जाण्याचा धोका असतो. काही दिवस आधी गर्भातच दगावलेल्या बाळाची त्वचा सुटलेली दिसते. ज्या बाळाची त्वचा शाबूत असते, पण ज्यात जीवनाचे चिन्ह दिसत नाही, त्यास ताजा मृतजन्म म्हणतात. अशा काही बालकांचे हृदय अत्यंत मंद गतीने चालू असते. त्यांना वेळेवर हवा मिळाली तर ती श्वास घेऊ लागतात. गडचिरोलीत बॅग-मास्कच्या काळात ताज्या मृतजन्मांत दिसलेली घट या दृष्टीने महत्त्वाची आहे. केवळ जिवंत जन्मलेल्या बालकांचे मृत्यू मोजल्यास वाचलेली ही बालके हिशेबात येतच नाहीत.

मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या बेळगाव जिल्ह्यातही पुढे असाच अनुभव आला. तेथील आरोग्य केंद्रे व रुग्णालये यांतील प्रसूती करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या कार्यक्रमाचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, प्रशिक्षणानंतर मृतजन्मांचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आणि ताज्या मृतजन्मांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. नवजात मृत्युदरात मात्र फरक पडला नाही.

मर्यादा

गडचिरोलीतील तुलना एकाच वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या गटांची नव्हती. तिन्ही पद्धती एकामागून एक वापरल्या गेल्या. मधल्या काळात सेविकांचा अनुभव वाढला आणि गावांतील इतर परिस्थितीही बदलली असणार. त्यामुळे सर्व सुधारणा केवळ साधनामुळे झाली, असे म्हणता येत नाही. बॅग-मास्क व नळी-मास्क यांतील फरक सांख्यिकीय कसोटीवर निर्णायक ठरला नाही. बॅग-मास्क अधिक चांगली दिसते, एवढाच सावध निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. गंभीर श्वासावरोधातील मृत्युप्रमाणाची घटही या कसोटीच्या रूढ मर्यादेच्या किंचित बाहेर राहिली.

सौम्य श्वासावरोधाचे प्रमाण घटण्याचे श्रेय तर बॅगेला किंवा नळीला देता येत नाही, कारण ही साधने श्वासावरोध झाल्यानंतर वापरली जातात. बाळास तत्काळ कोरडे करणे, उत्तेजन देणे आणि त्याच्याकडे लक्ष देणारी स्वतंत्र व्यक्ती उपस्थित असणे यांचा हा परिणाम असू शकतो.

अन्य रुग्णगटांतील तुलना

श्वसनसाहाय्याची कोणती पद्धत चांगली, हा प्रश्न मोठ्या रुग्णालयांतही विचारला गेला आहे. कर्करोग, अवयवरोपण किंवा दीर्घकालीन स्टेरॉइड उपचार यांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या प्रौढ रुग्णांत तीव्र श्वसननिष्फलता आल्यास घशात नळी घालून कृत्रिम श्वास देणे धोक्याचे असते. नळीमुळे नवा जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. म्हणून नळी टाळणाऱ्या पद्धतींचा शोध सुरू झाला.

फ्रान्समधील बोर्दो येथे ५२ रुग्णांवर झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मास्कद्वारे दाबाने हवा दिलेल्या २६ रुग्णांपैकी १२ जणांना नळी घालावी लागली. साधा प्राणवायू दिलेल्या २६ जणांत ही संख्या २० होती. पहिल्या गटातील १३ व दुसऱ्या गटातील २१ रुग्ण रुग्णालयात दगावले. परंतु २०१५ मध्ये फ्रान्स व बेल्जियममधील ३७४ रुग्णांच्या अभ्यासात २८ दिवसांतील मृत्युप्रमाण अनुक्रमे २४.१ व २७.३ टक्के आले आणि हा फरक निर्णायक ठरला नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधील ७७६ रुग्णांत नाकावाटे वेगाने दिलेला उष्ण व दमट प्राणवायू आणि साधा प्राणवायू यांची तुलना झाली. त्यात मृत्युप्रमाण ३५.६ व ३६.१ टक्के, म्हणजे जवळजवळ समान आले.

लहान अभ्यासात मोठा दिसलेला फरक मोठ्या अभ्यासात टिकत नाही, हे या उदाहरणातून दिसते. साधनाइतकेच महत्त्व मूळ आजाराचे वेळेवर निदान, सततचे निरीक्षण आणि एक पद्धत निष्फळ ठरताच दुसरी स्वीकारणे यांना असते. गडचिरोलीतील निष्कर्ष वाचतानाही ही सावधगिरी उपयोगी पडते.

नंतरची धोरणे

भारत सरकारने २००५ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तीची योजना व संस्थात्मक प्रसूतीस प्रोत्साहन देणारी जननी सुरक्षा योजना सुरू केली. प्रसूती करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना नवजात पुनरुज्जीवन शिकवणारा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर लागू झाली. दुर्गम भागातील गरोदर स्त्रियांना दिवस भरण्याच्या सुमारास आरोग्य केंद्राजवळ राहता यावे, यासाठी महाराष्ट्रात ‘माहेरघर’ योजना राबवली जाते.

घरी होणाऱ्या बाळंतपणांची संख्या यानंतर मोठ्या प्रमाणात घटली. तरीही पुराने वाट अडलेल्या गावात, रुग्णवाहिकेत किंवा अपुऱ्या मनुष्यबळाच्या उपकेंद्रात होणाऱ्या प्रसूतींत प्रश्न तोच राहतो. उपकेंद्राच्या कपाटात बॅग असूनही ती वापरण्याचा सराव असलेली व्यक्ती बाळाजवळ नसेल, तर तिचा उपयोग होत नाही. प्रत्येक जन्माच्या वेळी केवळ बाळाकडे पाहणारी एक प्रशिक्षित व्यक्ती, तिच्या हाताशी तयार ठेवलेले साधे साधन आणि वेळोवेळी केलेला सराव या तीन गोष्टी एकत्र आल्यावरच पहिल्या मिनिटात श्वास देणे शक्य होते.